बुलपेनमध्ये पाठवलं म्हणजे पोरगा संपला का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: मुलगा २३ वर्षांचा, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कॉलेजची तीन वर्षं झाल्यावर २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, चौदाव्या फेरीत निवडला गेला. २०२५ चा अख्खा सीझन हाय-ए मध्ये काढला (मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात: लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए). १४ सामने स्टार्टर म्हणून, म्हणजे सुरुवातीपासून टाकणारा, खेळला, ऑगस्टपासून ९ सामने बुलपेनमधून, म्हणजे मधेच उतरणारे रिलीव्हर जिथे तयार होतात तिथून. एकूण ७१ इनिंग, ९२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ४७ वॉक (चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस), ५ होमरन, ईआरए ४.८२ (तो काय ते खाली सांगतो). आता क्लब म्हणतो, पुढच्या वर्षी रिलीव्हर म्हणूनच ये. घरी सगळ्यांना वाटतंय की त्याला बाजूला सारलंय, तेव्हा राहिलेलं एक वर्ष करून डिग्री तरी पदरात पाडून घ्यावी. त्याचं म्हणणं वेगळंच: हिवाळ्यात एका खासगी ट्रेनिंग सेंटरला जातो आणि ताशी ९५ मैलांचा वेग १०० वर नेतो. आणि तुम्ही शेवटी लिहिलंय, "याचं काही होणार आहे का, खरं सांगा."

आधी माझ्याबद्दल. मी पिचिंग कोच नाही. पुण्यात फिजिओथेरपी केली, इकडे अमेरिकेत येऊन ॲथलेटिक ट्रेनर झालो आणि नऊ सीझन मायनर लीगच्या संघांबरोबर बसने हिंडलो, बराचसा काळ हाय-ए आणि डबल-ए मध्ये. पोरांचे खांदे आणि कोपरं रोज माझ्या हाताखालून जायची. तेवढ्यावरून "होणार की नाही" हे सांगता येत नाही, आणि मी ते सांगतही नाही. एकदाच सांगितलं होतं. एका मुलाच्या वडिलांना सामन्यानंतर पार्किंगमध्ये म्हणालो, "काळजी करू नका, दोन वर्षांत वर दिसेल." पुढच्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. त्याचा खांदा मागच्या सीझनपासूनच कमी फिरत होता, माझ्याच वहीत तशी नोंद होती, आणि मी तिच्याकडे हवं तसं पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी फक्त कुठे बघायचं एवढंच सांगतो.

तुमच्या घरात सगळ्यांची नजर ४.८२ वर खिळलीय. माझी ४७ वर.

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. ऐकायला सरळ हिशोब आहे, पण त्यात दुसऱ्यांची कामं मिसळलेली असतात. समजा तुमच्या मुलाने पाचव्या इनिंगमध्ये दोघांना वॉक दिला आणि कोचने त्याला बाहेर काढलं. आलेल्या रिलीव्हरने पहिल्याच चेंडूवर डबल (दोन बेसचा फटका) खाल्ला आणि दोघं धाव पुरी करून होम प्लेटला पोचले. त्या दोन्ही धावा तुमच्या मुलाच्या नावावर, रिलीव्हरच्या नावावर शून्य. शिवाय हाय-ए मधला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) वीस-एकवीस वर्षांचा पोरगा असतो, त्याचे पाय पोचले नाहीत तो चेंडू 'हिट' म्हणूनच लिहिला जातो. २००१ मध्ये व्हॉरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं काय होणार यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. तेव्हा लोक हसले होते. आज प्रत्येक क्लब आधी स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन बघतो, ईआरए नंतर.

तसं बघितलं तर चित्र बदलतं. ७१ इनिंगमध्ये साधारण ३१५ बॅटर समोर आले असतील असं धरतो. म्हणजे स्ट्राइकआउट जवळजवळ २९ टक्के. या पातळीवर सरासरी २४-२५ च्या आसपास असते, म्हणजे हा आकडा चांगलाच आहे. ५ होमरन ही कमीच. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन एवढ्यांवरूनच काढायचा एक आकडा असतो, एफआयपी, तो त्याचा साडेतीन-पावणेचारच्या घरात येईल. म्हणजे ४.८२ दाखवतो त्यापेक्षा त्याने बरी पिचिंग केलीय.

पण वॉक १५ टक्के. मायनर लीगमध्ये १० टक्क्यांच्या आसपास चालतात, मेजर लीगमध्ये साडेआठच्या आतबाहेर. दर सात बॅटरमागे एकाला फुकट बेसवर बसवणारा पिचर डबल-ए मध्ये टिकत नाही. हाय-ए ची पोरं स्ट्राइक झोनबाहेरच्या (प्लेटवरच्या फटक्याजोग्या भागाबाहेरच्या) स्लायडरवर, म्हणजे शेवटी आडव्या वळणाऱ्या चेंडूवर, बॅट फिरवतात, डबल-ए ची फिरवत नाहीत, उभी राहून बघतात. इथले १५ तिकडे गेल्यावर आपोआप कमी होत नाहीत, वाढतातच. स्टीव्ह डाल्कोव्स्कीचं नाव इथल्या जुन्या कोचांच्या तोंडी अजून असतं. १९५७ ते १९६५ मायनर लीगमध्ये होता, पाहिलेले लोक म्हणतात त्याच्याइतका वेग त्यांनी कधी पाहिला नाही. त्याचे वॉक जवळजवळ स्ट्राइकआउटइतकेच होते. मेजर लीगच्या सामन्यात तो एकदाही उतरला नाही.

आता बुलपेन. तुम्ही लिहिलंय की फास्टबॉल आणि स्लायडर चांगले आहेत, चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासवून हळू टाकलेला चेंडू, "अजून बसत नाही". उत्तर त्यातच आहे. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर डावखुऱ्या बॅटरच्या अंगाकडे वळत येतो आणि त्याला तो लवकर दिसतो. त्याच्यासाठी दूर जाणारा किंवा उशिरा खाली पडणारा तिसरा चेंडू लागतो. स्टार्टरला तेच नऊ बॅटर एका संध्याकाळी दोनदा, तीनदा भेटतात. दोन चेंडूंच्या जोरावर पहिली फेरी निघते, दुसरी कशीबशी, तिसऱ्या फेरीत सगळं उघडं पडतं. चौथ्या-पाचव्या इनिंगमध्येच गाडी घसरत होती का, ते त्याला विचारा. मला वाटतं हो म्हणेल.

रिलीव्हरला एक इनिंग टाकायची असते. जपून वाटून घ्यायचं काही नाही, म्हणून वेगही एक-दोन मैलांनी वाढतो. तुम्ही लिहिलंयच की ऑगस्टनंतर तो ९७ पर्यंत गेला. ताशी ९७ मैल म्हणजे १५६ किलोमीटर. क्लबने त्याच्याकडे जे दोन चेंडू आहेत तेवढ्यावर धकेल असं काम त्याला दिलंय. याला बाजूला सारणं म्हणत नाहीत. ज्याला सोडायचं असतं त्याची भूमिका कोणी बदलत बसत नाही, त्याला नुसतं कमी खेळवतात. अर्थात पैशाच्या आणि मानाच्या दृष्टीने स्टार्टरची जागा वरची, हे खरंच आहे. पण आज मेजर लीगच्या बुलपेनमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेक जण कधीतरी स्टार्टर होते.

यात एक त्रास आहे तो मात्र त्याला कोणी सांगितला नसेल. मायनर लीगचं वेळापत्रक मंगळवार ते रविवार, एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. स्टार्टर आठवड्यातून एकदा पिचिंग करतो आणि त्याचा सगळा आठवडा त्या दिवसाभोवती बांधलेला असतो: अमुक दिवशी जिम, तमुक दिवशी बुलपेन सेशन. रिलीव्हरचा आठवडा फोनवर चालतो. डगआउटमधून, म्हणजे संघ आणि कोच बसतात तिथून, फोन वाजला की पंधरा-वीस चेंडूंत अंग तापवून तयार व्हायचं, मग कधी उतरवतात, कधी नाही. न उतरताही हात वापरला गेलेलाच असतो, फक्त तो कुठल्या आकड्यात दिसत नाही. मी अशांची वेगळी नोंद ठेवायचो, 'तापला पण खेळला नाही'. भूमिका बदलल्यावरचे पहिले दोन महिने हात दुखण्याच्या तक्रारी जास्त येतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये त्याच्यावर लक्ष असू द्या.

आता वॉकचं. "स्ट्राइक टाक" असं ओरडून स्ट्राइक पडत नाहीत, नाहीतर प्रेक्षकांनीच कितीतरी पिचर घडवले असते. चेंडू हातातून सुटतो तिथून होम प्लेट साधारण ५५ फुटांवर असते. सुटताना दिशेत एका अंशाची चूक झाली तर प्लेटपाशी पोचेपर्यंत ती जवळजवळ एक फूट होते. प्लेट १७ इंच रुंद. म्हणजे एका अंशात मधोमध येणारा चेंडू झोनबाहेर. आणि ही चूक मनगटात क्वचित असते. बहुतेक वेळा ती पायात असते.

मी काय करायचो सांगतो. बुलपेनमधला माउंड (पिचर जिथून टाकतो तो मातीचा उंचवटा) ग्राउंड्समन सकाळी पाणी मारून, चोपून, सारवल्यासारखा गुळगुळीत करून ठेवतात. आमचा पिचर तिथे पंचवीस-तीस चेंडू टाकून गेला की मी जाऊन उतारावरची माती बघायचो, जिथे त्याचा पुढचा पाय पडतो तिथली. ज्याचा हात-पाय दर वेळी सारखा चालतो त्याचा एकच खड्डा असतो, खोल, कडा स्वच्छ, बुटाच्या टाचेसह ओळखू येणारा. ज्याचे वॉक जास्त त्याच्या मातीत दोन-तीन खड्डे एकमेकांत मिसळलेले असायचे, एखादा फूटभर उजवीकडे सरकलेला. मोठमोठे कॅमेरे आणि रडार आल्यावर सगळ्याची मोजमापं स्क्रीनवर यायला लागली, आणि ती अर्थातच माझ्या खड्ड्यांपेक्षा अचूक आहेत. पण मुलाला स्क्रीनवरचा आलेख दाखवला तर तो मान डोलावतो, आणि स्वतःचे तीन खड्डे दाखवले तर गप्प होतो. एका डावखुऱ्या मुलाला मी दर वेळी बोलावून दाखवायचो. महिन्याभराने तोच मला हाक मारायला लागला, "या, आज एकच आहे."

म्हणून हिवाळ्यात त्याने काय करावं, तर हे. ढुंगणाचे आणि मांडीचे स्नायू, एका पायावरचा तोल, आणि आठवड्यातून ठराविक सेशन, ज्यात वेग ८० टक्केच ठेवून पुढचा पाय एका जागी पाडायचा. चेंजअपवर काम करावं, पण रिलीव्हरला तो लागेलच असं नाही. क्लबने कटर किंवा स्प्लिटर असा वेगळा चेंडू शिकायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐकावं. हे क्लबनुसार बदलतं आणि त्यांच्याजवळ त्याच्या प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण याची नोंद आहे, माझ्याजवळ नाही.

आणि १०० मैल? मी असतो तर या हिवाळ्यात नको म्हणालो असतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉलची सरासरी आता ९४ च्या वर आहे. तुमचा मुलगा बुलपेनमधून ९६-९७ टाकतोय. वेगाची त्याला कमी नाहीच, मग आहे तेच वाढवायला हिवाळा का घालवायचा? दुसरं, कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला एक लहान पट्टा असतो, अल्नर कोलॅटरल लिगामेंट, करंगळीपेक्षा बारीक. पिचरचा हात मागे आडवा होऊन पुढे झेपावतो तेव्हा सगळा ताण त्यावर येतो. आपल्याकडचे क्रिकेटवाले विचारतात, वेगवान गोलंदाजांचा हा पट्टा का फाटत नाही? त्यांचा हात जवळजवळ सरळ असतो, मोठा भार पाठीच्या मणक्यावर येतो, म्हणून बुमराह पाठीने बसतो आणि पिचर कोपराने. हा पट्टा फाटला की दुसरीकडचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) घेऊन नवा बांधतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, तेव्हापासून तिला त्याचंच नाव आहे. परत सामन्यात उतरायला १२ ते १८ महिने जातात. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द मेजर लीगने पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला. वेगाच्या मागे धावणं आणि प्रत्येक चेंडू सगळा जोर लावून टाकणं ही त्यातली पहिल्या ओळीतली कारणं. जड चेंडू फेकण्याच्या कार्यक्रमांवर २०१८ मध्ये शाळकरी पिचरचा एक अभ्यास झाला होता, त्यात वेग वाढला आणि इजाही वाढल्या. सगळी सेंटर वाईट असतात असं मी म्हणत नाही, काहींनी मोडलेली करिअर सावरलीत. पण तिथे जायचंच असेल तर क्लबला सांगून, त्यांच्या ट्रेनरशी त्या लोकांचं बोलणं घडवून. चोरून नको. चोरून जाणाऱ्यांचे हात मार्चमध्ये पहिल्याच तपासणीत कळतात.

तुम्ही घरून एक गोष्ट करू शकता. फोनवर "हात कसा आहे?" विचारू नका, "मस्त" हेच उत्तर येतं. पिचर दुखणं लपवतात कारण त्यांना जागा जाण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. "दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हात कसा वाटतो?" असं विचारा. कोपराखालचा आतला भाग आखडतो, मूठ नीट आवळत नाही, डबा उघडायला दुसरा हात घ्यावा लागतो, यातलं काहीही सलग दोन दिवस असेल तर त्याने ट्रेनरकडे जायलाच हवं.

आता किती दिवस थांबायचं. इथे भावनेपेक्षा कॅलेंडर कामाला येतं. २०२१ मध्ये संलग्न मायनर लीग संघ १६० वरून १२० वर आले. क्लबला देशांतर्गत किती खेळाडू ठेवता येतात ती मर्यादाही २०२४ मध्ये १८० वरून १६५ झाली. दर उन्हाळ्यात ड्राफ्टमधून वीसेक नवे येतात, म्हणजे तेवढेच कोणीतरी जाणार. सोडण्याचं काम बहुतेक मार्चअखेर, स्प्रिंग ट्रेनिंग संपताना होतं. २०२६ चा मार्च तुमच्या मुलाने पार केला आणि त्याला डबल-ए किंवा पुन्हा हाय-ए च्या बुलपेनमध्ये ठेवलं, तर क्लबला अजून त्याच्यात रस आहे असं समजा. दुसरी तारीख नोव्हेंबर २०२७. कॉलेजमधून २०२४ ला आलेल्यांना तोवर मेजर लीगसाठी राखलेल्या ४० जणांच्या यादीत घ्यायचं की नाही हे क्लबला ठरवावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये (यादीबाहेर राहिलेल्यांच्या निवडीत) दुसरा क्लब १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो, मात्र मग पूर्ण सीझन त्याला मेजर लीगच्या संघात ठेवावं लागतं. वॉक खाली आलेला, ९७ टाकणारा रिलीव्हर या ड्राफ्टमध्ये उचलला जाणारा ठरलेला माल आहे. वॉक १५ वर असलेला नाही.

मी माझ्या मुलाला सांगितलं असतं ते असं: २०२६ च्या अखेरीस वॉक ११ टक्क्यांच्या आत आणि डबल-ए गाठलेलं असेल, तर २०२७ खेळ. दोन्ही नसेल तर घरी ये. हा माझा आकडा आहे, तुमच्या घरची गरज वेगळी असेल तर वेगळा ठेवा. कर्ज, बहिणीचं शिक्षण, यावर खूप अवलंबून असतं. २०२३ च्या करारानंतर हाय-ए चा किमान पगार वर्षाला २७,३०० डॉलर झाला, ट्रिपल-ए चा ३५,८००. राहायची सोय २०२२ पासून क्लब करतो. पोट भरतं, साठत नाही. मेजर लीगचा किमान पगार २०२६ मध्ये ७,८०,००० आहे, म्हणून पोरं थांबतात, आणि त्यांना वेडं म्हणता येत नाही.

नातेवाईक उदाहरणं देतील. मेजर लीगचे नामांकित पिचर डीग्रॉम आणि स्कूबल: डीग्रॉम नवव्या फेरीतला, स्कूबल नवव्या फेरीतला, दोघांचीही कोपरं शिवलेली, दोघांनाही दोन-दोन साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. खरं आहे सगळं. पण त्याच फेऱ्यांतले बाकीचे कोणाला आठवत नाहीत. कोणी रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं नाव काढेल. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल कधी हातात न घेतलेले. पायरेट्स क्लबने दोघांना घेतलं, रिंकू लो-ए पर्यंत गेला, मग त्याचंही कोपर गेलं आणि तो कुस्तीत गेला. तुमच्या मुलाशी त्यांची तुलना करू नका, हा लहानपणापासून खेळलाय. मला जवळचं वाटतं ते कुमार रॉकरचं उदाहरण, त्याची आई भारतीय वंशाची. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये मेट्स क्लबने दहावा निवडला आणि तपासणीनंतर करारच केला नाही. २०२२ ला तो स्वतंत्र लीगमध्ये खेळला, मग रेंजर्स क्लबने ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला. मे २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. सप्टेंबर २०२४ मध्ये सिॲटलमध्ये मेजर लीगचा पहिला सामना. एवढा गाजलेला पिचर, तरी रस्ता असा.

डिग्रीबद्दल: त्याचा पहिला करार काढून बघा. ड्राफ्टच्या वेळी पुष्कळांच्या करारात कॉलेजच्या खर्चाची तरतूद लिहिलेली असते आणि खेळ सोडल्यावर ठराविक मुदतीत शिक्षण सुरू केलं तरच ती मिळते. ती असेल तर घाई करायचं कारणच नाही, वर्ष कुठे पळत नाही. नसेल तर हिवाळ्यात ऑनलाइन दोन विषय घेता येतात. बसमध्ये अभ्यास होत नाही, हे मी पाहिलंय.

त्याचे ते शेवटचे ९ सामने वेगळे काढून मला पाठवता आले तर पाठवा: किती बॅटर, किती वॉक, आणि दर बॅटरला टाकलेला पहिला चेंडू किती वेळा स्ट्राइक होता. दहात सहा असतील तर मी वर जे लिहिलंय त्यातला बराच भाग तुम्ही निम्म्या काळजीने वाचू शकता.